काटेरी दाणे आणि अप्पांचा हात

दिल्लीच्या थंडीचा आमच्या घरात सगळ्यात जास्त फायदा कुणी उठवला असेल तर माझ्या वडिलांनी. बाकीची माणसं थंडीत गाजराचा हलवा करतात, गच्चीत ऊन खात बसतात, धुक्याचं नाव सांगून ऑफिसला उशिरा पोचतात. अप्पांनी थंडी सबब म्हणून वापरली. त्यांचा उजवा हात थरथरायचा, आणि कुणाची नजर त्या हाताकडे गेली की ते लगेच म्हणायचे, "दिल्लीची थंडी आहे. हात कापणारच."

ही सबब दुसऱ्या कुणाच्या तोंडी शोभली असती. अप्पा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. बर्फातल्या चौकीवर पहाटे गार पाण्यानं अंघोळ केल्याची गोष्ट आम्ही भावंडांनी इतक्या वेळा ऐकली आहे की त्या पाण्याशी आमची ओळख झाली आहे. दर वर्षी ते पाणी थोडं जास्त गार होत गेलं, आणि अलीकडे तर अप्पा बर्फ फोडून तो अंगाला चोळत होते. असा माणूस माझ्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरात, हीटरच्या पुढ्यात, माकडटोपी आणि दोन स्वेटर घालून बसतो आणि थंडीनं हात कापतो म्हणतो, आणि पोटच्या पोरीनं त्यावर विश्वास ठेवावा अशी त्याची अपेक्षा असते.

खरं काय ते आईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं. आई साताऱ्याजवळच्या आमच्या गावी असते. ती अप्पांबरोबर आली नाही, कारण तिची म्हैस दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही. निदान आई तरी तसं म्हणते. मला वाटतं आईच म्हशीजवळ दुसऱ्या कुणाला जाऊ देत नाही. ते असो. अप्पांची गाडी सुटली आणि आईचा फोन आला.

"त्यांचा हात बघ गं जरा," ती म्हणाली. "दिवाळीपासनं हलतोय. इथं डॉक्टरचं नाव काढलं की शेतावर निघून जातात. तिथं शेत नाही. ने कुठल्यातरी मोठ्या डॉक्टरकडं. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस."

अप्पा आले होते ते माझ्या लेकीच्या बोरन्हाणासाठी. संक्रांतीनंतर लहान मुलांना काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे आणि त्यांच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हलवा असं सगळं ओतायचं, ही आमच्याकडची हौस. लेक अडीच वर्षांची आहे. आजोबांना ती नानू म्हणते, कारण पाळणाघरातली सगळी मुलं आपापल्या आजोबांना नानू किंवा दादू म्हणतात. अप्पा दारात उभे राहिले तशी ती धावत गेली, दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, "नानू, गोदी!"

अप्पा एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी तिला कडक सॅल्यूट ठोकला.

लेकीला गंमत वाटली. तिनंही डाव्या हातानं सॅल्यूट केला. सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही. लेक काही सॅल्यूटवर कायमची भागणारी नव्हती. मग अप्पांनी दुसरी युक्ती काढली. ती "गोदी" म्हणाली की ते म्हणायचे, "गोदी नाही. आपली भाषा बोल. कडेवर म्हण, मग घेतो." दिल्लीत वाढणाऱ्या पोरीला 'कडेवर' कुठून येणार? ती "गोदी, गोदी" करत राहायची आणि अप्पा मराठीच्या रक्षणासाठी ठाम उभे. स्वतः मात्र फौजेपासून अर्धं हिंदीच बोलतात.

त्यांना काय झालंय हे कळायला मला फार वेळ लागला नाही. तो उजवा हात त्यांनी स्वेटरच्या खिशात घातलेला असायचा, नाहीतर मांडीखाली दाबलेला. चहा ते डाव्या हातानं प्यायचे, आणि तोही आम्ही आत गेल्यावर. ज्या हातावर आपला भरवसा नाही, त्या हातात नातीला घ्यायची त्यांना भीती वाटत होती. मला वाईट वाटलं आणि रागही आला. पोर रोज हात वर करून उभी राहते आणि हा माणूस साताऱ्याहून इतक्या लांब येऊन तिला व्याकरण शिकवतो. मी एकदा डॉक्टरची वेळ घेतली, तर त्या सकाळी अप्पा मॉर्निंग वॉकला गेले ते जेवायलाच परतले. दुसऱ्यांदा घेतली तेव्हा त्यांचं पोट दुखलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

अशात हलव्याचं पाकीट आलं. नवऱ्याचे एक मामा सरकारी कामासाठी दिल्लीला आले होते आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या राज्याच्या गेस्ट हाउसमध्ये उतरले होते. आम्ही त्यांच्याकडून पुण्याहून दागिने मागवले होते. हार, बाजूबंद, मुकुट सगळं धड पोचलं, त्याच्यासोबत ओतायला म्हणून सुट्या हलव्याचंही एक पाकीट होतं. अप्पांनी त्यातला एक दाणा डाव्या हातानं तोंडात टाकला, दाढेखाली घेतला आणि चेहरा असा केला की जणू त्यांना रेशनमध्ये खडे मिळालेत.

"ह्याला हलवा म्हणायचं?" ते म्हणाले. "काटा कुठाय? आत दाणा कुठाय? ही नुसती साखरेची गोळी आहे."

इथे सांगायला हवं, की आमच्या घरचा हलवा दाण्यांचा. लोक तिळावर करतात, खसखशीवर करतात. आई मात्र भाजलेल्या शेंगदाण्यांवर करायची. मंद आचेवर परात ठेवायची, त्यात भाजून सोललेले दाणे घालायचे, त्यावर चमचाभर साखरेचा पातळ पाक टाकायचा आणि हातानं दाणे फिरवत राहायचे. पाक सुकला की पुन्हा चमचाभर. असं दिवसचे दिवस. साखरेचा पापुद्रा चढत जातो, आणि हवा गार असली तर त्या पांढऱ्या साखरेवर बारीक बारीक काटे फुटतात. तो काटा आला म्हणजे हलवा झाला. आम्ही जिथे जिथे कँटोन्मेंटमध्ये राहिलो तिथे तिथे आई थंडीत परात घेऊन बसायची आणि अप्पा घरी असले की तिच्यासमोर बसून पाकाचा चमचा टाकायचे. परातीत हात घालायची त्यांना परवानगी नव्हती.

"मी करतो," अप्पांनी जाहीर केलं. "नात माझी आहे. तिच्या डोक्यावर ही मिठाई-दुकानाची गोळी पडणार नाही. बिल्कुल नाही."

"तुम्हाला येतं?" मी विचारलं.

"जन्मभर बघत आलोय. त्यात काय आहे?"

दाणे आणायला ते स्वतः गेले. सरोजिनी नगरच्या बाजाराच्या तोंडाशी एक मूंगफलीवाला उभा असतो, ढिगावर धुपणारं मडकं ठेवलेला. त्याच्याशी अप्पांनी फौजी हिंदीत एवढी चर्चा केली की तो शेवटी म्हणाला, "साब, खानी है या भरती करनी है?" घरी येऊन अप्पांनी पुन्हा कच्चे दाणे मागवले, कारण भाजलेला दाणा दुसऱ्याचा नको. मग ते कढईत भाजायचा कार्यक्रम झाला. साल सुटली पाहिजे पण डाग पडता कामा नये, हा नियम मला सांगून त्यांनी पहिला घाणा करपवला. करपलेले दाणे आम्ही दोन दिवस आमटीला लावले.

खरी चूक मात्र पुढे झाली, आणि ती आम्हा दिल्लीकरांची चूक होती. थंडीत आमच्या घराच्या खिडक्या म्हणजे सील केलेल्या. बाहेर धूर. नवरा सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी मोबाइलवर हवा बघतो आणि मग घराला सुनावतो, "आज कुणी खिडकी उघडायची नाही." दिवाणखान्यात हवा साफ करायचं यंत्र चोवीस तास घोंघावत असतं, शेजारी हीटर लालबुंद. अशा त्या उबदार, शुद्ध खोलीत अप्पांनी कॉइलची शेगडी मांडली, तिच्यावर आईनं मला संसाराला दिलेली तिची जुनी पितळी परात ठेवली आणि दाणे फिरवायला बसले. दोन दिवस फिरवले. दाण्यांवर साखर चढली खरी, पण गुळगुळीत. काट्याचा पत्ता नाही.

"इथली साखरच खराब आहे," अप्पा म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं.

मी गुपचूप आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन परातीसमोर धरला. आईनं गोठ्यातूनच उत्तर दिलं, मागे म्हैस रवंथ करत उभी. तिथून तिनं जे उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली ती बोरन्हाण होईपर्यंत थांबली नाही.

"अहो, हीटर कशाला लावलाय?" ती ओरडली. "हलवा करताय का बाळंतिणीला शेक देताय? त्याला गार वारा लागतो. खिडकी उघडा आधी. आणि हात थांबवू नका. हात थांबला की दाणे चिकटले म्हणून समजा."

आम्ही खिडकी उघडली. यंत्रानं ताबडतोब लाल दिवा लावला आणि विमान उडायला निघावं तसं गर्जायला लागलं. नवरा आतून धावत आला. "खिडकी कुणी उघडली, यार? आत्ता हवा काय आहे माहितीये?" अप्पा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, हवा खराब आहे, पण गार आहे." नवऱ्यानं बराच विचार करून तोडगा काढला. दिवाणखाना त्याचा आणि यंत्राचा. बाल्कनी अप्पांची आणि हलव्याची. अप्पांनी तोंडाला मास्क लावायचा. अप्पांनी कोळशाची शेगडी मागून पाहिली, पण त्यावर नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंगच उतरला, मग कॉइलवरच समेट झाला.

तेव्हापासून अप्पा बाल्कनीत. माकडटोपी, मास्क, अंगावर फौजी ब्लँकेट, समोर परात. लांबून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, घरच्यांनी म्हातारा बाहेर काढलाय. शेजारच्या पंजाबी आंटींना नेमकं तसंच वाटलं. त्या लोहडीची रेवडी घेऊन आल्या तेव्हा आधी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बेटा, अंकलजी से कोई नाराज़गी है क्या?" मी त्यांना बाल्कनीत नेलं, परात दाखवली. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. अप्पांनी चमचाभर पाक टाकला, दाणे फिरवले, सुकवले, पुन्हा चमचाभर.

"एक मूंगफली पे इतनी मेहनत?" आंटी म्हणाल्या. "हमारे यहाँ तो गुड़ में डालो, कूटो, खा लो."

"आंटीजी," अप्पा मास्कच्या आतून म्हणाले, "काँटा आना माँगता है."

दुसऱ्या दिवशी सकाळी काटा आला. मी चहा घेऊन गेले तर परातीत दाणे पांढरे, आणि प्रत्येकाच्या अंगावर नाजूक टोकं. बोटांत धरला की टोचत नाही, पण आहे असं कळतं. अप्पांनी एक दाणा मला दिला. तोंडात टाकला तर आधी साखरेचा खरखरीतपणा, मग ती विरघळते आणि आत खमंग कुरकुरीत दाणा. आईच्या हातचा हलवा आठवला आणि मला एकदम तिथेच रडू आलं. अप्पांना वाटलं धुरानं डोळे झोंबले. मीही तसंच सांगितलं. सबबी सांगायचा गुण कुणाकडून आला असेल?

त्यानंतर आमच्या घरावर दाण्यांचं संकट आलं. हलवा झाला होता, बोरन्हाणाला पुरेल एवढा झाला होता, पण अप्पा थांबेनात. दाणे संपले तर बदाम आणा म्हणाले. बदाम झाले, काजू. काजू झाले, तर मी उपवासाला आणलेले मखाणे त्यांनी परातीत लोटले. जेवायला हाक मारली की म्हणायचे, "थांब, अजून काटा यायचाय." अंघोळीला हाक मारली, "थांब, अजून काटा यायचाय." घरातले डबे भरले, मग बरण्या, मग लेकीचा दुधाचा जुना डबा. नवरा मला म्हणाला, "अप्पांना जरा आवर. अति तिथं माती. काल मी गाडीची किल्ली परातीजवळ ठेवली होती, तिलाही काटे यायचे."

मी आवरायला म्हणूनच गेले. बाल्कनीच्या दारात उभी राहिले आणि पाहिलं. थंडी अशी की माझे दात वाजत होते. अप्पांची पाठ माझ्याकडे, उजवा हात परातीत. तो हात गोल फिरत होता, अलगद, एका लयीत, दाण्यांना लागेल न लागेल असा. तो हलत नव्हता, म्हणजे थरथरत नव्हता. अजिबात नाही. मग त्यांनी पाक घ्यायला हात बाहेर काढून मांडीवर ठेवला, डाव्या हातानं चमचा उचलला, आणि तेवढ्या वेळात मांडीवरचा तो हात सुरू झाला. अंगठा आणि बोटं एकमेकांवर घासत, स्वतःच्या मर्जीनं. पाक टाकला, हात परातीत गेला, आणि पुन्हा शांत.

मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले.

"अप्पा," मी म्हटलं, "एक शंका आहे. हीटरपाशी तुमचा हात कापतो आणि ह्या गारठ्यात कापत नाही. ही दिल्लीची कुठली थंडी म्हणायची?"

अप्पांचा हात फिरत राहिला. त्यांना असं पकडलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, आणि पकडून मला वाटलं होतं तेवढी मजा आली नाही.

"कामात असला की थांबतो," ते शेवटी म्हणाले. "रिकामा ठेवला की सुरू होतो. पहिल्याच दिवशी कळलं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडं नेलं असतंस."

"म्हणून तुम्ही मखाण्यांपर्यंत आलात?"

ते हसले. मास्क होता, पण डोळ्यांवरून कळलं. मग म्हणाले, "बरं वाटतं गं. तेवढा वेळ हात माझा असतो."

मी चमचा उचलला आणि पाक टाकला, आईसमोर ते टाकायचे तसा. थोड्या वेळानं मी म्हटलं, "मग पोरीला घ्या की. रोज विचारते बिचारी."

"परात पडली तर दाणे सांडतात," अप्पा म्हणाले. "सांडलेले भरता येतात."

मी उठले. आत जाऊन आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. म्हैस ओरडल्याचं ऐकू आलं. मग आई म्हणाली, "मग थांबवू नको त्यांना. अजून दाणे आणून दे." संध्याकाळी ऑफिसातून येताना मी शेंगदाणे आणले, आणि नवऱ्यानंच पिशवी बाल्कनीत नेऊन ठेवली.

बोरन्हाणाच्या दिवशी घर भरलं. कॉलनीतल्या चार-पाच मराठी बायका, त्यांची मुलं, पंजाबी आंटी, आणि टीव्हीच्या टेबलावर फुलदाणीला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये आई. बोरांचा मोठा घोळ झाला होता. गावाकडची बारकी बोरं इथे मिळेनात. मिळतात ती सफरचंदाएवढी हिरवी. ती ओतली असती तर पोरीला हेल्मेट घालावं लागलं असतं. म्हणून बोरं नुसती ताटात ठेवली आणि भिस्त सगळी अप्पांच्या हलव्यावर. तेवढी तर आमच्याकडे वर्षाची बेगमी होती.

अप्पा खोलीत नव्हते. "बायकांचा कार्यक्रम आहे," असं म्हणून ते बाल्कनीत जाऊन बसले होते. परात घासून ठेवली होती. हात रिकामा होता म्हणून त्यांनी तो ब्लँकेटखाली घातला होता.

लेकीला काळा फ्रॉक घातला, हार, बाजूबंद, मुकुट चढवला. तोवर ती खूश होती, कारण हार चाटता येत होता. पण पाटावर बसवून पहिलं माप डोक्यावरून ओतलं, दाणे तडतडत चहूकडे उडाले, मुलं ओरडत तुटून पडली, आणि तिचा चेहरा बदलला. दुसरं माप ओतायच्या आत ती उठली आणि रडत सुटली. मी हात पसरले होते. ती मला ओलांडून गेली. नवऱ्याला ओलांडून गेली. मुकुट वाटेत पडला. बाल्कनीच्या दारातून ती थेट अप्पांसमोर जाऊन उभी राहिली. तोंडात धरलेला हलवा तिनं बाहेर काढला. काटा, साखर सगळं चाटून झालं होतं, नुसता ओला दाणा उरला होता. तो तिनं अप्पांच्या ब्लँकेटवर ठेवला. मग हात वर केले.

अप्पांनी डाव्या हातानं सॅल्यूट केला. हात कपाळापर्यंत पोचायच्या आत ती ओरडली, "नानू, कडेवर!"

कुणी शिकवलं तिला, मला ठाऊक नाही. मी नव्हतं शिकवलं. नवऱ्याला तो शब्द वर्षभरात आठवला नसता. मला वाटतं अप्पांनीच शिकवलं होतं, रोज तोच धडा देऊन देऊन. आता त्यांना सांगायला सबब उरली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते, पण पुढे झाले नाही. माझे पाय पुढे जाऊ पाहत होते, मी त्यांना जाऊ दिलं नाही. अप्पांनी ब्लँकेट बाजूला केलं, डावा हात तिच्या कमरेभोवती घातला आणि तिला मांडीवर उचलून छातीशी धरलं. उजवा हात मोकळाच राहिला आणि थरथरायला लागला, सगळ्यांसमोर. आंटी होत्या, बायका होत्या, टेबलावरच्या फोनमधली आई होती. अप्पांनी तो लपवला नाही. तो थरथरता हात त्यांनी लेकीच्या पाठीवर ठेवला आणि फिरवायला लागले. गोल, अलगद, लागेल न लागेल असा. दोन-चार फेऱ्यांत हात शांत झाला. पोरीचं रडणं हुंदक्यांवर आलं.

कुणीतरी फोन उचलून बाल्कनीकडे वळवला असावा, कारण आईचा आवाज आला. "अहो, हात थांबवू नका."

"नाही थांबवत," अप्पा म्हणाले.

बायका तिळगूळ घेऊन, हळदीकुंकू लावून गेल्या. मुलांनी खिसे भरून हलवा नेला. आंटींनी दोन डबे नेले, आणि बदामाचा कुठला हे विचारून घेतलं. घरभर सांडलेल्या दाण्यांवरून चालताना पायाखाली कुरकुर वाजत होतं. हवेचं यंत्र लाल होऊन गर्जत होतं, कारण बाल्कनीचं दार उघडंच राहिलं होतं आणि नवऱ्यानं ते बंद केलं नव्हतं. लेक कधीच झोपली होती, तोंड उघडं टाकून, गळ्यातल्या हाराची साखर अप्पांच्या स्वेटरला चिकटवून.

"सोमवारी जाऊ तुझ्या डॉक्टरकडं," अप्पा हळूच म्हणाले. मी वेळ घेतली नव्हती, पण मान डोलावली.

ऊन गेलं होतं आणि गारठा वाढत होता. इतका वेळ एका जागी बसून त्यांचा हात भरून आला असणार. मी जवळ जाऊन हात पुढे केले. "द्या इकडे तिला. आत निजवते."

अप्पांनी तिला आणखी जवळ घेतलं. पाठीवरचा हात फिरतच होता.

"थांब," ते म्हणाले. "अजून काटा यायचाय."